मालमोटारीचे पुढचे चाक : घट्ट किती, सैल किती?



ज्यांच्या घरी बैलगाडी होती, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान आसाच्या टोकाची खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी, आत वंगण घाली, चाक परत आत सारी आणि खीळ पुन्हा जागच्या जागी ठोकी. मग चाक हाताने फिरवून त्याचा आवाज ऐके, आणि त्यानंतरच बैल जुंपी. या कामासाठी तो कोणा कारागिराच्या दारी जात नसे. चाक निसटले तर गाडी उलटेल, बैल जायबंदी होतील आणि आपणही जगलो-वाचलो तर नशीब, हे त्याला ठाऊक होते. म्हणून ही राखण त्याने स्वतःकडे ठेवली होती.

आज बैलगाडीची जागा बहुतेक ठिकाणी मालमोटारीने घेतली आहे. लाकडी तुंब्याच्या जागी लोखंडी हब आले, वंगणाच्या जागी ग्रीस आले, आणि खिळीच्या जागी दुमडता येणारी बारीक कॉटर पिन आली. पण प्रश्न जुनाच राहिला आहे. फिरणारे चाक न फिरणाऱ्या आसावर धरून ठेवायचे, तेही असे की ते मोकळेपणी फिरावे आणि तरी निसटू नये. पुढच्या चाकांचे हब उघडणे, त्यातील बेअरिंगे धुऊन तपासणे, नवे ग्रीस भरणे आणि ती पुन्हा नेमकी बसवणे, हे काम ज्याची स्वतःची एखादी लहान मालमोटार आहे असा माणूस घरच्या अंगणात करू शकतो. ते कसे करावे, आणि त्यातील कोणत्या जागी माणूस हमखास चुकतो, हे आज सांगावयाचे आहे.

चुकीची गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. ती माझ्याच हातून झालेली आहे. मी पेशाने शिक्षक. माझे थोरले बंधू बेळगावहून गोव्याला भाजीपाला नेतात. त्यांची एक लहान मालमोटार आहे. एका शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून पुढच्या डाव्या चाकाचे ग्रीस बदलले. धुणे, पुसणे, भरणे सारे यथासांग झाले. शेवटी मधला मोठा नट आवळण्याची वेळ आली, तेव्हा पाना माझ्या हाती होता. घाटातून जाणारी गाडी, चाक मुळीच हलता कामा नये, असा विचार करून मी पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी लावली आणि होता नव्हता तेवढा जोर केला. दादांनी विचारले, “अरे, एवढा आवळतोस?” मी म्हणालो, “घट्ट असलेले बरे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. जांबोटी मागे पडली आणि गाडी किंचित डावीकडे ओढू लागली. कणकुंबीच्या अलीकडे जळक्या तेलाचा वास आला. दादांनी गाडी कडेला घेतली. डाव्या चाकाच्या हबमधून ग्रीस पातळ होऊन तेलासारखे गळत होते, आणि हबला हात लावण्याची सोय उरली नव्हती. पुढे चोर्ल्याचा घाट होता. एकदा उतार सुरू झाला की साखळीपर्यंत वळणामागून वळण. भाजीने भरलेली गाडी त्या उतारावर असताना ते बेअरिंग आवळून बसले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही फार वेळ करीत नाही. हब निवल्यावर उघडले तेव्हा बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निळे-जांभळे झालेले होते. पोलादाला तो रंग अति उष्णतेनेच येतो. बेअरिंग नवे होते, ग्रीस उत्तम होते, कामही स्वच्छ झाले होते. चुकला होता तो फक्त नट. तो सैल राहिला नव्हता, फाजील घट्ट झाला होता.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी हबच्या आत काय असते ते पाहू. फिरत्या आसाखाली गोळ्या ठेवून घर्षण कमी करण्याची कल्पना जुनी आहे. गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट वेल्समधील फिलिप वॉन याने १७९४ साली घेतले होते. पण गोळी एका बिंदूवर टेकते, त्यामुळे मोठे ओझे तिला सोसत नाही. शिवाय गाडी वळते तेव्हा चाकावर नुसते वरून वजन पडत नाही, बाजूनेही रेटा बसतो. अमेरिकेत सेंट लुईस येथे घोडागाड्या बनविणारा हेन्री टिमकेन याने या दोन्ही अडचणींवर तोड काढली आणि १८९८ साली निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. हे रोलर एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक असतात. ते उभे ओझे पेलतात आणि बाजूचा रेटाही झेलतात. मालमोटारीच्या पुढच्या चाकात आजही हीच रचना मोठ्या प्रमाणावर आढळते.

प्रत्येक हबमध्ये अशी दोन बेअरिंगे असतात. आतले, म्हणजे गाडीच्या बाजूचे, मोठे, बाहेरचे लहान. दोघांचे निमुळते तोंड एकमेकांकडे असते. प्रत्येक बेअरिंगचे दोन भाग. आतले कडे आसावर बसते आणि त्याच्याभोवती जाळीत गुंफलेले रोलर असतात. बाहेरचे कडे हबमध्ये ठोकून बसविलेले असते. त्याला कारागीर कप म्हणतात. मोठ्या बेअरिंगच्या मागे रबराचे ऑईल सील असते. ते ग्रीसला ब्रेककडे जाऊ देत नाही आणि पाण्याला व धुळीला आत येऊ देत नाही. बाहेरच्या बाजूला एक वॉशर, त्यावर खाचा असलेला कॅसल नट, नटाच्या खाचेतून आसाच्या भोकात ओवलेली कॉटर पिन आणि सर्वांवर पत्र्याची टोपी.

आता घरातील स्टीलचे दोन पेले एकात एक घालून पाहा. अलगद ठेवले तर आतला पेला सहज फिरतो. वरून दाबला तर तो अडकतो, आणि सोडविताना नाकी नऊ येतात. आतला पेला किती फिरेल हे तो किती खोल गेला यावर ठरते. निमुळत्या बेअरिंगचेही तसेच आहे. नट आवळला की आतले कडे कपात सरकते आणि रोलरभोवतीची फट कमी होते; नट सोडला की ती वाढते. म्हणून येथे नटाचे काम नुसते धरून ठेवण्याचे नाही. रोलरभोवती किती मोकळीक राहील, हे तो ठरवितो. आपण आयुष्यभर जे नट आवळतो ते धरून ठेवणारे असतात, आणि तीच सवय आपल्याला येथे फसविते.

मोकळीक मुळीच राहिली नाही तर रोलर दाबले जातात, त्यांच्यावरचा ग्रीसचा पातळ थर पिळून निघतो, धातू धातूवर घासतो आणि उष्णता वाढते. उष्णतेने कडे व रोलर फुगतात आणि उरलीसुरली फटही बुजते. मग आणखी घर्षण, आणखी उष्णता. शेवटी रोलर आवळून बसतात, आतले कडे आसावरच फिरू लागते, आस झिजतो, कातरला जातो आणि चाक गाडी सोडून पुढे पळते. उलट नट सैल असेल तर ओझे थोड्याच रोलरवर पडते, चाक डुगडुगते, प्रत्येक खड्ड्यात बेअरिंगवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो, सील गळू लागते आणि टायर वेडेवाकडे झिजते. दोन्ही टोके वाईटच. पण सैल चाक बहुधा आवाज करून आधी कळविते, आणि घट्ट चाक काही मैलांतच घात करू शकते.

हब उघडण्याची वेळ आली हे कसे ओळखावे? गाडीच्या पुस्तिकेत किती किलोमीटरनंतर हे काम करावे ते दिलेले असते. तो पहिला आधार. त्याखेरीज चाकाकडून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला आणि वळणावर तो बदलू लागला, सुकाणूचे चक्र हातात थरथरू लागले, ड्रमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसले, किंवा एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट अधिक तापू लागले, तर पुस्तिकेची वाट पाहू नये. आणखी एक प्रसंग आमच्या भागात दर पावसाळ्यात येतो. हब बुडेल इतक्या पाण्यातून गाडी न्यावी लागली, तर ते लवकरात लवकर उघडावे. तापलेले हब थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. पाणी शिरलेले ग्रीस दुधाळ दिसते आणि आतल्या पोलादाला गंज चढू लागतो.

कामाला बसण्यापूर्वी सुरक्षिततेचे चार नियम पाळलेच पाहिजेत. गाडी रिकामी असावी आणि सपाट, टणक जमिनीवर उभी असावी. हातब्रेक लावून मागच्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे घालावेत. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे सैल करावेत. काही गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर करण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहून घ्यावी. त्यानंतर आसाखाली जॅक लावून चाक उचलावे आणि लगेच भक्कम स्टँड देऊन गाडीचा भार त्यावर घ्यावा. जॅक हा उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नाही. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ; वीट सूचना न देता फुटते.

चाक वर असताना एक परीक्षा करावी. एक हात चाकाच्या माथ्यावर व दुसरा तळाशी धरून चाक आत-बाहेर हलवावे. खडखड जाणवली तर दोष बेअरिंगचा असेल किंवा किंगपिनचा. तो कोणाचा हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सोबत्याला ब्रेकचे पेडल दाबून धरावयास सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. खडखड नाहीशी झाली तर ती बेअरिंगची होती. तशीच राहिली तर किंगपिन तपासावी. मग ब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात पाट्यांच्या स्प्रिंगवर ठेवावा. बेअरिंग खरबडले असेल तर कानाला कळण्यापूर्वी ते त्या हाताला कळते.

आता चाक काढावे. मोठ्या मालमोटारीचे चाक एकट्याने उचलण्याच्या फंदात पडू नये. ब्रेकचे बूट ड्रमला धरून बसले असतील तर त्यांची जुळणी सैल करावी, नाहीतर ड्रम ओढूनही येणार नाही. पत्र्याची टोपी कडेने हलके ठोकत काढावी. कॉटर पिन सरळ करून ओढून काढावी आणि लगेच टाकून द्यावी. ती पुन्हा वापरावयाची नाही. नट व वॉशर काढले की ड्रमसह हब थोडे पुढे ओढावे. बाहेरचे बेअरिंग आपोआप पुढे येते. ते हाती घ्यावे, मातीत पडू देऊ नये. मग हब सरळ रेषेत ओढून काढावे. वाकडे ओढले तर आतले बेअरिंग आसाच्या आट्यांवर घासते. शेवटी जुने सील उचकटून आतले बेअरिंग बाहेर घ्यावे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवले, तर परत बसविताना वाद उरत नाही. डाव्या-उजव्या चाकांचे भाग एकमेकांत मिसळू नयेत. प्रत्येक बेअरिंग ज्या कपाबरोबर झिजले, त्याच कपात परत जावे.

ड्रममध्ये जी काळी भुकटी दिसते ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी.

बेअरिंगे रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून कुंच्याने धुवावीत. पेट्रोल वापरू नये; ठिणगीची गाठ पडली तर अंगण पेटेल. धुतल्यावर स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून वाळू द्यावीत. हवेच्या झोताने बेअरिंग भिंगरीसारखे फिरविण्याचा मोह कित्येकांना होतो. तसे कधीही करू नये. कोरडे बेअरिंग त्या वेगाने खराब होते, आणि जाळी तुटून रोलर बंदुकीच्या गोळीसारखे सुटू शकतात.

पुढचे काम घाईने न करता उजेडात बसून करावयाचे आहे. चांगल्या रोलरचा व कपाचा पृष्ठभाग सारखा, गुळगुळीत आणि मंद चकाकीचा असतो. बारीक खड्डे पडले असतील, पापुद्रा सुटला असेल, गंजाचे डाग असतील, रोलरच्या अंतराइतक्या अंतरावर दबल्याच्या खुणा असतील, जाळी वाकली असेल किंवा निळी-तपकिरी झाक आली असेल, तर ते बेअरिंग गेले असे समजावे. नखाने चाचपून पाहावे. नख अडकले तर विचार करावयाचे कारण नाही. बेअरिंग बदलताना त्याचा कपही बदलावा. जुन्या कपात नवे बेअरिंग घालणे ही काटकसर नव्हे. कप काढताना व बसविताना पितळेच्या किंवा मऊ लोखंडाच्या दांड्याने समोरासमोर आळीपाळीने ठोकावे, म्हणजे तो तिरपा होत नाही. कप पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो. पोकळ आवाज जाऊन भरीव आवाज येतो. कप हबमध्ये सैल फिरत असेल किंवा आसावर चर, चीर वा खोल झीज दिसत असेल, तर मात्र घरचे काम तेथेच थांबवून जाणत्या कारागिराला बोलवावे.

ग्रीसही पाहून घ्यावे. चाकाच्या बेअरिंगसाठी साधारणपणे लिथियम साबणाचे, क्रमांक २ च्या घट्टपणाचे ग्रीस वापरतात. डब्यावर तसे छापलेले असते. लिथियम ग्रीस सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत थेंब होऊन गळत नाही. सांध्यांना घालावयाचे साधे कॅल्शियम ग्रीस १०० अंशांच्या आसपासच वितळते. घाट उतरताना ब्रेकची उष्णता ड्रममधून हबमध्ये येते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळेल. दोन जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळू नयेत. काही मिश्रणे पातळ होतात. म्हणून जुने ग्रीस हबच्या पोकळीतूनही पूर्ण पुसून काढावे.

भरण्याची रीत जुनी आणि उत्तम आहे. डाव्या तळहातावर लिंबाएवढे ग्रीस घ्यावे. बेअरिंग उजव्या हातात धरून त्याची रुंद कड त्या ग्रीसमध्ये तळहातावर दाबत जावे. ग्रीस रोलरच्या मधून वर चढते आणि निमुळत्या कडेने बाहेर डोकावते. तसे दिसले की बेअरिंग थोडे फिरवून पुढचा भाग घ्यावा, असा पूर्ण वेढा घालावा. वरवर माखलेले ग्रीस आत पोहोचत नाही. कपांनाही पातळ हात द्यावा. हबच्या पोकळीत ग्रीस असावे, पण ती ठासून भरू नये. जास्त ग्रीस घुसळले जाते, तापते, सील फोडून ब्रेकच्या लायनिंगवर येते. आणि ग्रीस लागलेला ब्रेक ऐन वेळी धरीत नाही.

आतले बेअरिंग बसवून त्यावर नवे सील सर्व बाजूंनी सारखे ठोकावे. सीलची ओठासारखी कड ग्रीसच्या बाजूला असावी आणि तिला बोटाने ग्रीस लावावे. आस पुसून हब सरळ रेषेत चढवावे, बाहेरचे बेअरिंग घालावे, वॉशरची जीभ आसाच्या खाचेत बसवावी आणि नट हाताने फिरवावा.

येथे मी चुकलो होतो, म्हणून ही पायरी सावकाश सांगतो. सोबत्याने हब सतत फिरवीत राहावे आणि आपण पान्याने नट आवळत जावे, हब फिरताना जड लागेपर्यंत. याचा हेतू एवढाच की रोलर आपापल्या जागी बसावेत आणि मधले जादा ग्रीस बाजूला सरावे. चाक न फिरविता आवळले तर रोलर तिरपे राहतात आणि नट खोटी साक्ष देतो. जड लागले की नट मागे फिरवून पूर्ण मोकळा करावा. आता पाना बाजूला ठेवावा. नुसत्या बोटांनी नट टेकेपर्यंत फिरवावा. मग भोक व खाच जुळत नसतील तर नट आणखी आवळावयाचा नाही. जवळची खाच जुळेल इतका मागे घ्यावयाचा. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आवळण्याची वेगळी मापे दिली असतील, तर अर्थात तीच खरी.

ही मोकळीक किती असावी? हाताने जुळविलेल्या अशा बेअरिंगांसाठी सामान्यतः ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढी धरतात. वहीच्या एका पानाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. तेव्हा हा सारा खेळ एका पानाच्या जाडीचा आहे. थोडे गणित करू. आसाच्या आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर धरले, तर नटाच्या एका पूर्ण फेऱ्याने १.५ मिलिमीटर फरक पडतो आणि बाराव्या हिश्श्याने ०.१२५ मिलिमीटर. नटाला सहा खाचा आणि आसाला काटकोनात दोन भोके असली, तर बरोबर दर बाराव्या हिश्श्याला एक जुळणी मिळते. नट मागे घेताना एखादी खाच इकडे-तिकडे झाली तर काय बिघडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ही मोकळीक मोजण्यासाठी डायल गेज नावाचे घड्याळासारखे माप मिळते; ते हाताशी असेल तर अंदाजावर विसंबू नये.

खाच जुळली की नवी कॉटर पिन ओवून तिचे पाय दुमडावेत आणि टोपी बसवावी. चाक चढवून त्याचे नट समोरासमोरच्या क्रमाने, आणि शक्यतो टॉर्क पान्याने, ठरल्या जोराने आवळावेत. हे नट मात्र धरून ठेवणारे आहेत. ते खरोखरच घट्ट हवेत. ब्रेकची जुळणी परत करून पेडल दाबून पाहावे. मग जवळपासच्या सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणावी. परतल्यावर दोन्ही हबना हाताची पाठ लावून पाहावी. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा एक हब दुसऱ्याहून बरेच गरम असेल, तर पुन्हा उघडावे. आळस करू नये. पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अलीकडच्या काही गाड्यांत बेअरिंग व हब एकत्र बंद करून येतात. त्यांत ग्रीस भरावयाचे नसते; बिघडले तर सगळा भाग बदलावा लागतो, आणि त्यांचा नट ठरल्या जोराने घट्टच आवळावयाचा असतो. काही गाड्यांत ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचे दातेरी कडे हबवर असते. त्याला ठोका लागू देऊ नये. म्हणून उघडण्यापूर्वी आपल्या गाडीची जात ओळखावी.

कणकुंबीच्या त्या सकाळी आम्ही मोटारसायकलवरून नवे बेअरिंग व सील मागविले आणि रस्त्याच्या कडेला पुन्हा हब भरले. भाजी दुपारी उशिरा साखळीला पोहोचली. भाव पडला आणि दादांचे नुकसान झाले. त्यांनी मला बोल लावला नाही. नट फिरवावयाची वेळ आली तेव्हा पाना स्वतःकडे ठेवून ते एवढेच म्हणाले, “तू चाक फिरव.” मी चाक फिरवीत राहिलो आणि त्यांनी शेवटचा नट दोन बोटांनी लावला. त्यानंतर आम्ही अनेकदा हब उघडले. चाक कोणी फिरवावयाचे आणि नट कोणी लावावयाचा, हे अजून तसेच चालत आले आहे.